दापोडीचा अनामिक चितारी

सन २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइम संग्रहालयात वासुदेव गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रांचे प्रदर्शन भरले आणि नागपुरात जन्मलेल्या या चित्रकाराचे नाव सातासमुद्रापार दुमदुमले. दापोडीच्या चित्रकाराचे दैव मात्र निराळे. येथील कॅप्टन फोर्डचा बंगला गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ साली सरकारासाठी खरेदी केला, त्याच्या आवारात वनस्पतिउद्यान उभे राहिले, आणि पुढे त्याचा कारभार पाहणाऱ्या अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टराने १८४७ ते १८५० या काळात एका एतद्देशीय चिताऱ्याकडून तेथील झाडाझुडपांची दीडशेहून अधिक चित्रे काढवून घेतली. कोऱ्या कागदावर एकटी फांदी. ना भूमी, ना आकाश. भोवतीचा सारा पसारा वजा करून केवळ आकारावर दृष्टी खिळविण्याची ही शिस्त अमूर्त कलेपासून फार दूरची आहे, असे मला वाटत नाही. अर्थात गिब्सनसाहेबांना हवी होती ती वनस्पतींची बिनचूक नोंद, कलाविलास नव्हे! पुढे उद्यान मोडले, चित्रे एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात विसावली आणि हेन्री नोल्टी यांच्या ग्रंथामुळे २००२ साली पुन्हा प्रकाशात आली. गिब्सनचे नाव सरकारी दप्तरात जागोजागी आहे. चिताऱ्याचे कोठेही नोंदलेले नाही.