मळीच्या पाण्यावर उतारा : कोळशापासून नॅनोकणापर्यंत



शेळगावच्या शिवारात ऊस आला तो पाण्यामागून. १८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला. १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगरला साखर कारखाना निघाला, पुढे भवानीनगरला सहकारी कारखाना उभा राहिला. उसापासून साखर होते, तशी मळीही होते. मळीपासून मद्यार्क काढला की मागं उरतं ते तांबडं-काळं, उग्र वासाचं पाणी. ते तसंच ओढ्यात शिरलं तर मासे मरतात, विहिरी नासतात. कारखानदारीच्या सांडपाण्याला आळा घालायला महाराष्ट्रानं १९६९ साली कायदा केला. १९७० साली प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झालं. देशाचा कायदा आला १९७४ साली.

आता गंमत पाहा. पाण्यातला रंग धरायची युक्ती साखरेच्याच धंद्यात मुरली. दोनशे वर्षांपूर्वी युरोपात साखरेचा पिवळा पाक कोळशातून गाळून स्वच्छ करीत. कोळशाला असंख्य बारीक छिद्रं असतात, रंग त्यांच्या अंगाला चिकटतो.

नॅनोकण ही त्याच युक्तीची पुढची पायरी. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एक सेंटिमीटरच्या ठोकळ्याचे एवढे बारीक तुकडे केले, तर सगळ्यांचं अंग मिळून जवळजवळ दीड एकर भरेल! अंग जास्त, तेवढी घाण धरायला जागा जास्त. कणांना लेप देऊन कुणी रंग धरावा, कुणी शिसं, हे ठरवता येतं. लोहाच्या काही संयुगांचे कण तर चुंबकानं परत ओढता येतात. मद्रास आय.आय.टी.च्या प्रा. टी. प्रदीप यांच्या संशोधनातून पाण्यातली कीटकनाशकं धरणारा घरगुती फिल्टर २००७ साली बाजारात आला.

पण मळीच्या पाण्यावर आजही मुख्य भिस्त आहे ती बायोगॅस करणं, पाणी आटवणं आणि उरलेलं जाळणं यांवरच. शिवाय कणानं धरलेली घाण नाहीशी होत नाही, कणाबरोबरच राहते. म्हणून पाणी शुद्ध करणारी पूड कुणी विकायला आला, तर ती विहिरीत टाकू नका. आधी विचारा : धरलेली घाण काढणार कशी, आणि टाकणार कुठं?

विहिरीचं पाणी रंगलं, वास मारू लागलं, तर ते पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका. नमुना तपासून घ्या, तारीख लिहून ठेवा आणि ग्रामपंचायतीमार्फत मंडळाला लेखी कळवा. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागद राहतो.