तारा त्याच, बिल दुसऱ्याचे

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी सोसायटीच्या इतिहासातला एखादा विषय निवडून लिहा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. पाण्याची टाकी, लिफ्ट आणि गणेशोत्सव यांवर इतर सभासद लिहीत आहेतच. मी वीज घेतली. २००९ नंतरच्या दोन-तीन वर्षांत आपल्या आवारात वीज कंपनी बदलण्यावर जेवढी चर्चा झाली, तेवढी पार्किंग सोडल्यास दुसऱ्या कशावर झाली नसेल. तेव्हा शाळेत असलेली मुले आज स्वतः बिले भरतात. त्यांना हे सगळे ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

आधी थोडे मागचे. मुंबईला वीज मिळाली ती सह्याद्रीच्या पावसाची. टाटांची जलविद्युत कंपनी १९१० साली निघाली. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले, मग १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा. भिऱ्याला पाणी मुळशीच्या धरणाचे. त्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, हे आपल्या पिढीने शाळेत वाचले आहे. मुंबईच्या विजेची खरी किंमत कोणी मोजली, हे विसरू नये.

टाटा कंपनी वीज तयार करी आणि मुख्यतः घाऊक विकी. घरोघरी पोचवण्याचे काम शहरात बेस्टकडे, उपनगरांत १९२९ साली स्थापन झालेल्या बीएसईएसकडे आणि भांडुप-मुलुंडकडे वीज मंडळाकडे, म्हणजे आजच्या महावितरणकडे. आपण कुठे राहतो त्यावर आपली कंपनी ठरायची. गिऱ्हाइकाला विचारतो कोण? रेशन दुकानासारखेच होते ते, कार्डावर शिक्का असेल त्याच दुकानात जायचे.

यात फरक पडला तो २००३ च्या वीज कायद्याने. एकाच भागात दोन वितरण परवानाधारक असू शकतात, हे कायद्याने मान्य केले. त्याच सुमारास बीएसईएस रिलायन्सकडे गेली. टाटांनी उपनगरांत किरकोळ ग्राहकांना वीज विकावी की नाही यावर दोन्ही कंपन्यांचा वाद सुरू झाला. टाटांचा परवाना घाऊक आणि मोठ्या ग्राहकांपुरताच, असे एका बाजूचे म्हणणे. ८ जुलै २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की टाटा पॉवर लहान ग्राहकांनाही वीज देऊ शकते.

पण निकाल हातात असून तारा कुठे होत्या? टाटांचे जाळे घरोघरी पोचलेले नव्हते. तेवढ्यात २००९ च्या जूनमध्ये उपनगरांतले दर वाढले, मोठी ओरड झाली आणि पुढच्याच महिन्यात वाढीला स्थगिती मिळाली. मग १५ ऑक्टोबर २००९ रोजी महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने वाट काढून दिली. तारा जुन्याच कंपनीच्या वापरायच्या, त्यांचे भाडे म्हणून ‘वहन आकार’ भरायचा आणि वीज मात्र दुसऱ्या कंपनीची घ्यायची. यालाच चेंजओव्हर म्हणू लागले. पुण्या-नाशिकच्या आपल्या नातेवाइकांना आजही अशी सोय नाही.

ही बातमी आल्यावर आपल्याकडे सभा झाली. पहिला प्रश्न ज्येष्ठांचा: “तारा त्यांच्या आणि वीज यांची, मग फ्यूज गेला तर फोन कोणाला करायचा?” दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता: “आपण सगळ्या विंगांनी मिळून अर्ज केला तर घाऊक सवलत मिळेल का?” प्रश्न रास्त होता. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटपाची सवय आपल्यापैकी बऱ्याच घरांना होती. शेजारच्या कुटुंबांचा संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची आणि तेल-डाळ रास्त भावात घरी आणायची. विजेचे तसे का नको?

उत्तर असे होते की आपल्या घरगुती विजेचा दर आयोग ठरवून देतो. एका घराने अर्ज केला काय आणि शंभर घरांनी केला काय, युनिटचा भाव तोच. शिवाय प्रत्येक जोडणी स्वतंत्र नावावर, त्यामुळे निर्णयही ज्याचा त्याचा. सोसायटीने ठराव करून बदलता येण्यासारखे एकच मीटर होते, ते सामाईक: लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे.

मग एकत्र येऊन मिळाले काय? माझ्या मते बरेच. नियम एकाने वाचायचे आणि सगळ्यांना समजावायचे, हे पहिले. जिन्याखाली टेबल टाकून रविवारी अर्ज भरून घेतले. बिलांच्या झेरॉक्स तिथेच जमवल्या. काही मीटर अजून बिल्डरच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर आहेत, हे तेव्हाच उघडकीला आले आणि ती नावे बदलून घेतली. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांचे अर्ज शेजारच्या मुलांनी भरले. भाव कमी झाला नाही, पण हेलपाटे वाचले आणि कोणी फसले नाही.

सुरुवातीला बिले खरोखर उतरली. पेन्शनवर घर चालवणाऱ्याला तो फरक जाणवतो. पण पुढचा भाग समजून घेण्यासारखा आहे. सर्वांचा दर एक नसतो. ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यावर, असे टप्पे. जास्त वापरणारा जास्त भाव देतो, त्यातून कमी वापरणाऱ्याचा दर खाली ठेवला जातो. जास्त वापरणारे सोडून गेले तर तो भार कोणी उचलायचा? मागे राहिलेल्यांनी. त्यात वनरूम-किचनवालेही आले आणि चाळी-झोपड्यांतलेही. म्हणून २०११ मध्ये आयोगाने गेलेल्या ग्राहकांवर ‘क्रॉस सबसिडी अधिभार’ लावला.

पाठोपाठ आला ‘नियामक मत्ता आकार’. हे नाव ऐकून सभासद गोंधळले. बँकेच्या भाषेत सांगतो. कंपनीचा जो खर्च आयोगाने मान्य केला पण त्या वर्षीच्या दरात वसूल होऊ दिला नाही, तो पुढे ढकललेला. ओव्हरड्राफ्टच म्हणा ना! मुद्दल राहिले आणि व्याजही चढत गेले. ज्यांच्यासाठी तो खर्च झाला त्यांनी खाते दुसऱ्या शाखेत नेले म्हणून जुनी बाकी माफ होत नाही. हे आकार धरल्यावर काहींची बचत आटली आणि त्यातले काही परतही गेले. ‘फसलो’ असे कोणी म्हणाले की मी सांगे, यात फसवणूक नाही. आपला वाटा आपण भरतो आहोत, नाहीतर तो आपल्या कामवाल्या बाईंच्या बिलात गेला असता.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये जुनी कंपनी अदानींकडे गेली. तेव्हापासून कधी याचा दर स्वस्त, कधी त्याचा. म्हणून एकदा बदलले आणि विसरलो, असे चालत नाही. नवा दर-आदेश आला की मागच्या बारा महिन्यांचे युनिट कागदावर मांडा. एकट्या मे महिन्यावरून हिशेब करू नका, एसीमुळे टप्पाच बदलतो. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क, सगळे धरून दोन्ही कंपन्यांची वर्षाची बेरीज करा. पाठकोऱ्या कागदावर अर्ध्या तासाचे काम आहे.

आणि जिथे एकत्र येण्याने खरोखर पैसे वाचतात, ते गच्चीवर आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या सौर संचासाठी किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट-पंपाचे बिल सगळ्यांच्या मेंटेनन्समधून जाते, त्यामुळे तिथली बचतही सगळ्यांची. गच्ची कोणा एकाची नाही, म्हणून हे काम एकेकट्याने होणार नाही. दर ठरण्याआधी आयोग जाहीर सुनावणी घेतो, तिथेही सूचना-हरकती लेखी देता येतात. सोसायटीच्या लेटरहेडवरचे, आकड्यांनिशी लिहिलेले पत्र आपण अजून एकदाही पाठवलेले नाही.

पुढच्या वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेवर हे दोन्ही विषय घ्यावेत, अशी व्यवस्थापक समितीला विनंती करतो. आकडेमोडीला मी आहेच. सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!