फौजदारी टेबल

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपले वाडवडील सांगून गेले. पण वाडवडिलांना समन्स येत नसावं. मला आलं. आणि तेही ऐन पगाराच्या दिवशी, बँकेत खच्चून गर्दी असताना. पोलीस शिपायानं काउंटरवर कागद ठेवून "तुमच्याच नावाचं आहे, सही करा" असं खणखणीत आवाजात सांगितलं, तेव्हा रांगेतल्या माणसांनी माझ्याकडे असं पाहिलं की, जणू त्यांची सगळ्यांची शिल्लक मीच खाल्ली. "मी फक्त साक्षीदार आहे," असं मी मोठ्यानं दोनदा सांगितलं. त्यानं संशय वाढला. घरी सौ.ही म्हणाली, "अहो, साक्षीदार म्हणूनच बोलावलंय ना? की आधी असंच बोलावतात?"

प्रकरण असं होतं. आमच्या शाखेत आठ हजारांचा एक चेक ऐंशी हजारांचा होऊन वटला. इंग्रजीत ही करामत फार सोपी. अक्षरी रकमेत आठाच्या शेपटाशी एक ‘वाय’ जोडायचा, आकड्यात एक शून्य वाढवायचं, आणि बहात्तर हजार रुपये जन्माला येतात. आमच्या एका शिपायाच्या हातून तो चेक टेबलाटेबलांवर फिरला होता, म्हणून पोलिसांनी त्याला धरलं. चेक पास करताना त्यावर आद्याक्षरं मात्र माझी होती. पोलिसांनी मला विचारलं, "हा वाय कोणाचा?" मी म्हणालो, "शिपायाचाच. त्याच्या सहीतला वाय मी सोळा वर्षं पाहतोय." मला इतकी खात्री का वाटली हे तेव्हा मला कोणी विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

कोर्टात व्हरांड्यातल्या बाकावर पक्षकार, त्यांचे नातेवाईक आणि त्यांचे डबे बसले होते. मी समोरच्या खोलीच्या दाराशी उभा राहिलो. वर पाटी होती – ‘बार असोसिएशन’. आता ‘बार’ हा शब्द मराठी माणसाला चांगलाच परिचित. लग्नाचा बार उडतो, तंबाखूचा बार भरतात, आणि सातारा जिल्ह्यात सुखेड आणि बोरी या दोन गावांच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन काठांवर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात, त्यालाही ‘बोरीचा बार’ म्हणतात. वकिलांच्या बारचा यांतल्या कशाशी संबंध नाही. न्यायाधीश बसतात तो भाग आणि इतरेजन यांच्यामध्ये जो लाकडी कठडा असे, त्याचं इंग्रजी नाव बार. पण आत डोकावल्यावर मला बोरीची आठवण झाली खरी. मघाशी कोर्टात एकमेकांची अब्रू काढणारे दोन वकील एका बशीत चहा ओतून पीत होते.

खोलीत टेबलं पुष्कळ, पण वस्त्या दोन. खिडकीशी वारा येतो तिथं दिवाणीवाले, दाराशी फौजदारीवाले. ही विभागणी कुणी ठराव करून केलेली नव्हती. एक म्हातारा कारकून म्हणाला, "दिवाणीचा पक्षकार तीन पिढ्या थांबतो, तो खिडकीपर्यंत चालत येईल. फौजदारीचा पक्षकार पोलिसाच्या हाताला बांधलेला असतो. त्याला दारातच गाठावं लागतं."

मग माझा पुकारा झाला. सरकारी वकिलांनी सरतपासणीत मला लोण्यासारखं जपलं. नंतर फौजदारी टेबलावरचे एक वृद्ध वकील उठले. डगला मूळचा काळा असावा.

"रावसाहेब, सोळा वर्षांत तुमची सही बदलली का?"

"मुळीच नाही," मी म्हणालो. बँकेच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे अब्रूचा प्रश्न.

"मग साहेबांच्या परवानगीनं या कागदावर पाच वेळा तुमची आद्याक्षरं कराल?"

मी केली. हात जरा थरथरत होता. पाचही सह्या माझ्याच, आणि पाचही एकमेकींच्या सवती.

"चेकवरची आद्याक्षरं यांतल्या कशाशी जुळतात?"

मी पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "एकीशीही नाही."

"मग चेकवरची सही तुमची नाही?"

"माझीच आहे!"

"म्हणजे जुळत नसूनही ती तुमची. आणि वाय जुळतो, म्हणून तो त्याचा?"

कोर्टात पंखा फिरत होता. मला फक्त तोच ऐकू येत होता.

बाहेर आल्यावर त्याच वकिलांनी मला हाक मारून फौजदारी टेबलापाशी बसवलं आणि चहा मागवला. मी रागातच होतो. विचारलं, "वकीलसाहेब, माणूस गुन्हेगार आहे हे ठाऊक असून तुम्ही त्याची बाजू मांडता कशी?" हा प्रश्न त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच विचारला गेला असावा, अशा थाटात मी तो विचारला. ते म्हणाले, "तुम्ही खातं उघडता तेव्हा माणूस सज्जन आहे की नाही हे बघता का?"

"ते नाही बघत. ओळख देणाऱ्याची सही बघतो."

"मग कोर्टात त्याची ओळख देणारा मी, एवढं समजा. बाकी साहेब बघतील."

चहा संपला, पण प्रश्न संपला नाही. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझा कायदा चलनक्षम दस्तऐवजांच्या १८८१ च्या अधिनियमाशी सुरू होतो आणि तिथंच संपतो. म्हणून वाचनालयातून पुस्तकं आणून हे फौजदारी टेबल मुळात आलं कुठून, याचा शोध घेतला.

आपल्याकडे पेशवाईत असं टेबल नव्हतं. वादी-प्रतिवादी स्वतः पंचांपुढे उभे राहत, महजर होई, आणि काहीच पुरावा नसला तर ‘दिव्य’ करावं लागे. रवा-दिव्यात उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा हातानं काढायचा. हात भाजला तर खोटा. थोडक्यात, उलटतपासणी कढई घेत असे. १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी राघोबादादांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. त्याच गोष्टीत ‘धरावे’चं ‘मारावे’ झालं अशी आख्यायिका आहे. लोक तिच्याकडे राजकारण म्हणून पाहतात. मला तिच्यात दस्तऐवजातला महत्त्वाचा फेरफार दिसतो. १८८१ च्या अधिनियमाचं कलम ८७! दादासाहेबांना फौजदारी टेबलावरचा एखादा वकील मिळता, तर त्यानं पहिली गोष्ट विचारली असती, "हा ‘मा’ कोणाच्या हातचा?" आणि समोर माझ्यासारखा कोणी कारकून साक्षीला असता, तर त्यानं छाती ठोकून सांगितलंही असतं.

पुढे वॉरन हेस्टिंग्जनं १७७२ च्या योजनेत बंगालमध्ये दर जिल्ह्याला एक दिवाणी आणि एक फौजदारी अदालत ठरवून दिली. दिवाण आणि फौजदार हे मोगलांचे अंमलदार गेले, पण त्यांची नावं बार रूमच्या दोन टेबलांना चिकटून राहिली. पैशाच्या भांडणात वकील आधी आला, जिवाच्या भांडणात नंतर. याला आपलाच देश कारण नव्हता. ज्यांनी आपल्याला कायदा शिकवला त्या इंग्लंडात गंमत अशी, की उधारीच्या दाव्यात वकील चाले, किरकोळ गुन्ह्यातही चाले. पण ज्या गुन्ह्यात फाशी होई, त्यात आरोपीच्या वकिलाला ज्यूरीपुढे भाषण करायची बंदी! न्यायाधीश हाच आरोपीचा वकील, अशी समजूत. म्हणजे ज्यानं फाशी द्यायची त्यानंच गळ्याचं मापही काळजीनं घ्यायचं. ही बंदी उठायला १८३६ साल उजाडलं.

त्याच सुमारास, १८३७ मध्ये मेकॉलेच्या मंडळानं भारतीय दंडसंहितेचा मसुदा केला. कायदा झाला १८६० मध्ये आणि अंमल सुरू झाला १ जानेवारी १८६२ ला. आमच्या साहेबांच्या टेबलावर पडलेले कागद पाहता एवढी दिरंगाई मला मुळीच जास्त वाटत नाही. ही संहिता १ जुलै २०२४ ला निवृत्त झाली आणि भारतीय न्याय संहिता आली. फसवणुकीचं ४२० गेलं, ३१८ आलं. ‘चारसोबीस’मध्ये जो ठसका होता तो ‘तीनशे अठरा, उपकलम चार’मध्ये कुठून येणार? शिवी पूर्ण होईपर्यंत समोरचा पळून जाईल.

पण या टेबलाची खरी कसोटी आपल्या मुंबईतच लागली. टिळक स्वतः १८७९ चे एल्‌एल्‌. बी.; पुण्यात त्यांनी कायद्याचे वर्गही चालवले. १८९७ मध्ये त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा त्यांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते दिनशा दावर. न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी जामीन दिला. १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा खटला झाला. या वेळी जामीन मागायला बॅरिस्टर जीना उभे होते आणि न्यायासनावर होते तेच दावर. जामीन नामंजूर! कठड्याच्या या बाजूचा माणूस त्या बाजूला गेला की त्याला तेच कागद वेगळे दिसतात. आमच्याकडे क्लार्कचा ऑफिसर झाल्यावर हाच अनुभव येतो.

मग टिळकांनी स्वतःच वकीलपत्र घेतलं. सरकारी भाषांतरात आपल्या मराठी लेखांचा अर्थच बदलला आहे, हे दाखवायला त्यांनी भाषांतरकाराची उलटतपासणी घेतली. पुन्हा तोच ‘ध’ आणि तोच ‘मा’! ते एकवीस तास दहा मिनिटं बोलले. नऊ जणांची ज्यूरी, सात युरोपियन आणि दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. सहा वर्षं काळं पाणी. १९१६ मध्ये साठाव्या वाढदिवशी लोकांनी त्यांना लाखाची थैली दिली आणि त्याच दिवशी सरकारनं नोटीस दिली. वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीनदार मागितले. आम्ही दोन हजारांच्या कर्जालाही जामीनदार मागतो, पण निदान वाढदिवस टाळतो. या वेळी मात्र जीनांनी युक्तिवाद केला आणि उच्च न्यायालयानं हुकूम रद्द केला. वकील आणि आरोपी यांचं राजकारण एक असावं लागत नाही. कायद्यानं बोलणारा एक माणूस शेजारी असावा लागतो.

ज्यूरीचं म्हणाल, तर १९५९ मध्ये नानावटी खटल्यात तिनं आठ विरुद्ध एक मतानं कमांडरला निर्दोष ठरवलं. सेशन्स जज्ज मेहतांना ते पटेना, त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, तिथं जन्मठेप झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं १९६१ मध्ये ती कायम केली. एवढ्या काळात मुंबईच्या रस्त्यावर खटल्याच्या नावानं टॉवेल आणि खेळण्यातली पिस्तुलं विकली जात होती. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरी उरलीच नाही. लोकांचं प्रेम आणि लोकांचा राग, दोन्हींना न्यायासनापासून जरा लांबच बसवलेलं बरं, हा धडा मी त्यातून घेतला.

पण लोकांचा राग बार रूममध्येच शिरला तर? २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला. कसाबचं वकीलपत्र घ्यायचं नाही, असं तिथल्या वकिलांच्या संघटनेनं ठरवलं. तेव्हा मी काय म्हटलं होतं हे मला चांगलं आठवतं. मी टाळ्या वाजवल्या होत्या. शेवटी कोर्टानं सरकारी खर्चानं वकील दिला, खटला चालला, गुन्हा सिद्ध झाला आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फाशी कायम केली. पण त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपीही होते. त्यांच्याविरुद्धचा पुरावा टिकला नाही. ते २०१० मध्ये निर्दोष सुटले आणि ती सुटका वरच्या दोन्ही न्यायालयांत कायम राहिली. त्या दोघांच्या शेजारीही कोणी उभं राहिलं नसतं तर? माझ्या टाळ्यांत त्यांचीही फाशी होती, हे मला दोन वर्षांनी कळलं. २०१० मध्येच कोईमतूरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगून टाकलं, की अमक्याचं वकीलपत्र घेऊ नका असे वकील संघटनांचे ठराव बेकायदेशीर आहेत. राज्यघटनेचं कलम २२ अटक झालेल्याला पसंतीचा वकील देतं. ऐपत नसलेल्यासाठी १९७६ मध्ये कलम ३९-अ आलं. कारण आरोपी हा शब्द गुन्हेगार या शब्दाहून फार लांब नाही. मधे एक ‘वाय’ पुरतो.

आमच्या खटल्याचं राहिलंच. हस्ताक्षरतज्ज्ञाला नक्की काही सांगता आलं नाही, आणि माझी साक्ष तर तुम्ही पाहिलीतच. शिपाई सुटला, पुन्हा कामावर आला. तो वाय कोणाचा हे मला आजही माहीत नाही. एवढं मात्र आता माहीत आहे की, तो त्याचा नसता तर चेक नीट न बघता पास करणारा मी उरलो असतो, आणि म्हणूनच मला त्याच्या वायची इतकी खात्री वाटली होती. ते वृद्ध वकील खरं म्हणजे हेच विचारू शकले असते. विचारलं नाही. पाच सह्यांवर सोडलं.

परवा तो शिपाई रजेचा अर्ज घेऊन आला. मी शिफारशीची सही केली आणि सवयीनं त्याच्या सहीतला वाय पाहिला. मग अर्ज घाईघाईनं परत दिला. तो म्हणाला, "साहेब, तुमची सही जरा नीट करा. मागच्या वेळी हेड क्लार्कनी परत पाठवला होता."

मी पुन्हा केली. तीही जुळली नाही.

त्यानं पाण्याचा ग्लास माझ्या टेबलावर ठेवला आणि अर्ज घेऊन गेला. सगळ्या टेबलांवर तो पाणी देतो; पण सकाळचा पहिला ग्लास अजून माझ्याच टेबलावर ठेवतो. तो का, हे त्याला विचारायचा धीर मला झालेला नाही.