गुन्ह्याला नाव कोण देतो? महाविद्यालयाचे आवार आणि पोलिसांची नोंदवही

१८ नोव्हेंबर २०१२, रविवार. मुंबईत बाळासाहेब ठाकरे यांची अंत्ययात्रा निघाली होती. त्या दिवशीच्या बंदविषयी पालघरमधील एका तरुणीने फेसबुकवर काही ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या ‘लाइक’ केल्या. दोघीही विशीच्या आसपासच्या. दोघींनाही अटक झाली.

या प्रकरणात अभ्यासकाने सर्वप्रथम पाहावीत ती कलमे. पोलिसांनी आधी भारतीय दंड संहितेचे कलम २९५अ लावले, म्हणजे धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा. त्या ओळींत धर्माचा उल्लेखही नव्हता. मग ते कलम बदलून ५०५(२) आले, म्हणजे समाजगटांत वैरभाव पसरवणे, आणि जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ. लिहिलेला मजकूर तोच राहिला, कागदावरचे त्याचे नाव मात्र बदलत गेले. पुढे राज्य सरकारने दोन पोलीस अधिकाऱ्यांना निलंबित केले, प्रकरण बंद झाले, आणि कायद्याच्या शिक्षणाच्या उंबरठ्यावर असलेल्या श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी कलम ६६अ घटनाबाह्य ठरवले.

पालघरची ही घटना बहुतेकांना ठाऊक असते. तिची उलटी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. पालघरमध्ये गुन्हा नसलेल्या गोष्टीला गुन्ह्याचे नाव मिळाले. महाविद्यालयांच्या आवारात नेमके याच्या विरुद्ध घडत आले आहे: तेथे खऱ्या गुन्ह्याला ‘शिस्तभंग’, ‘गैरसमज’, ‘मुलांची मस्करी’ अशी नावे मिळतात. नव्या विद्यार्थ्याला रात्रभर खोलीत कोंडणे, त्याच्याकडून पैसे उकळणे, तक्रार केलीस तर बघून घेऊ असे धमकावणे, या प्रत्येक कृत्याला दंड संहितेत १८६० पासून स्वतंत्र कलम होते. कलम होतेच, ते लिहायचे कोणी, हा वाद गेली पंचवीस-तीस वर्षे चालू आहे.

येथे पोलीस ठाण्याची भाषा थोडी समजून घ्यावी लागते. फौजदारी कायद्यात गुन्ह्यांचे दोन मोठे कप्पे आहेत, दखलपात्र आणि अदखलपात्र. पहिल्यात पोलिसांनी प्रथम खबरी अहवाल, म्हणजे एफआयआर, नोंदवून तपास सुरू करायचा असतो. दुसऱ्यात तक्रारीची नोंद तेवढी होते आणि दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाविना तपास करता येत नाही. महाराष्ट्रात लहानथोर सगळे जिला ‘एनसी’ म्हणतात ती हीच. ‘एनसी करून दिली’ हे वाक्य ऐकून ठाण्याबाहेर पडलेल्या माणसाला पुष्कळदा वाटते की काम झाले. प्रत्यक्षात चौकशीचे दार तेथेच लोटले गेलेले असते. २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच एफआयआर नोंदवणे बंधनकारक ठरवले. त्यामुळे खरी झुंज आता एक पायरी आधी, म्हणजे वर्गीकरणाच्या वेळीच होते.

महाविद्यालयात तर त्याच्याही आधीची एक पायरी असते, ती प्राचार्यांच्या दालनाची.

१९९६ मध्ये तमिळनाडूत अण्णामलै विद्यापीठातील वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये खून झाला आणि पुढच्याच वर्षी त्या राज्याने स्वतंत्र कायदा केला. १९९८ मध्ये केरळ आणि १९९९ मध्ये महाराष्ट्र त्याच वाटेने गेले. ‘महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम, १९९९’ अवघ्या काही कलमांचा आहे आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो मुळातून वाचावा असा आहे. त्यातील व्याख्या रुंद आहे: शारीरिक वा मानसिक इजा, भीती, लाज किंवा संकोच उत्पन्न करणारे वर्तन, आणि विद्यार्थी एरवी स्वखुशीने करणार नाही असे काही त्याला करावयास लावणे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याला संस्थेतून काढायचे आणि पाच वर्षे अन्य कोणत्याही संस्थेत प्रवेश द्यायचा नाही.

या कायद्याचा गाभा सहाव्या आणि सातव्या कलमांत आहे. तक्रार आल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य आढळल्यास विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार लगेच पोलीस ठाण्याकडे पाठवायची. तथ्य नसेल तर तसे लेखी कळवायचे. आणि प्रमुखाने यात कसूर केली तर त्याने त्या गुन्ह्याला अपप्रेरणा दिली असे मानले जाईल. म्हणजे गप्प बसणाऱ्या प्राचार्यांना कायद्याने अपराध्याच्या पंक्तीला बसवले. त्या काळाच्या मानाने हे धाडसाचे होते. पण याच कलमाने गुन्ह्याची पहिली पारख पोलिसांऐवजी प्राचार्यांच्या हाती दिली, आणि संस्थेच्या नावलौकिकाची सर्वाधिक काळजी त्याच खुर्चीला असते. दुसरी अडचण तांत्रिक आहे. विशेष कायद्यांतील तीन वर्षांहून कमी शिक्षेचे गुन्हे, त्या कायद्यात वेगळे म्हटलेले नसेल तर, अदखलपात्र समजले जातात. येथे कमाल शिक्षा दोनच वर्षे. त्यामुळे तक्रारीत केवळ ‘रॅगिंग’ लिहिले जाते की कोंडणे, मारहाण, खंडणी हेही लिहिले जाते, यावर पुढचे पुष्कळ अवलंबून राहते.

न्यायालयांचा कलही सुरुवातीला संस्थांच्या बाजूने होता. २००१ मध्ये विश्व जागृती मिशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की विद्यार्थ्यांचे गैरवर्तन मुख्यतः संस्थेने आपल्या शिस्तीच्या अधिकारात हाताळावे, आणि अटळ असेल तरच पोलीस यावेत. सहा वर्षांत सूर बदलला. राघवन समितीच्या अहवालानंतर, मे २००७ मध्ये, त्याच न्यायालयाने आदेश दिला की संस्थेच्या कारवाईवर पीडित विद्यार्थी किंवा त्याचे पालक समाधानी नसतील तर संस्थेनेच एफआयआर दाखल करावा. मार्च २००९ मध्ये हिमाचल प्रदेशातील वैद्यकीय महाविद्यालयात अमन काचरू या विद्यार्थ्याचा मृत्यू झाला, आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम आले. महाराष्ट्राच्या कायद्यात सात दिवस होते, येथे एफआयआरसाठी चोवीस तास. शिवाय या विनियमांनी प्राचार्यांपुढे गुन्ह्यांची यादीच ठेवली: कट, बेकायदा जमाव, इजा, अटकाव, डांबून ठेवणे, लैंगिक गुन्हे, खंडणी, मालमत्तेचे गुन्हे, फौजदारी धाकदपटशा. ‘मस्करी’ हा शब्द त्या यादीत नाही.

यादी असली तरी नाव देण्याचा प्रश्न मिटत नाही, हे २०१९ च्या मे महिन्यात मुंबईच्या नायर रुग्णालयात दिसले. डॉ. पायल तडवी या तडवी भिल्ल समाजातील पदव्युत्तर विद्यार्थिनीने आत्महत्या केली. हा कामाचा ताण, हे रॅगिंग, की हा जातीवरून झालेला छळ, असा वाद उभा राहिला. पोलिसांनी रॅगिंगविरोधी कायद्यासोबत आत्महत्येस प्रवृत्त करण्याचे कलम आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदाही लावला. दोष कोणाचा, हे न्यायालयाने ठरवायचे. पण पालघर जिल्ह्याच्या दृष्टीने या वर्गीकरणाला विशेष अर्थ आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, तलासरी, डहाणू येथील वारली, कोकणा, कातकरी, मल्हार कोळी घरांतून शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींपैकी अनेक जण घराण्यातील पहिलेच महाविद्यालयीन विद्यार्थी असतात. त्यांच्या बोलीवरून वा आडनावावरून झालेली ‘थट्टा’ कोणत्या कप्प्यात पडते, यावर तपास कोण करणार आणि जामीन कसा मिळणार, हे बदलते.

वयाचा मुद्दा तर फारसा कोणाच्या ध्यानातच येत नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीचे कनिष्ठ महाविद्यालय पुष्कळदा वरिष्ठ महाविद्यालयाच्याच आवारात भरते. एकच फाटक, एकच उपाहारगृह. पण बारावीची विद्यार्थिनी सतरा वर्षांची असेल तर तिच्यावरील लैंगिक गुन्ह्याला २०१२ चा पोक्सो कायदा लागतो. त्यात माहिती असणाऱ्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा कळवला नाही तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. प्रथम वर्षाची विद्यार्थिनी अठरा पूर्ण असेल तर २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यानुसार अंतर्गत समिती येते, आणि पोलिसांत जायचे की नाही हे तिने ठरवायचे. एकाच व्हरांड्यात घडलेल्या दोन सारख्या घटनांचे कागद असे दोन दिशांना जातात.

हे सारे मोजते कोण? अमेरिकेत एप्रिल १९८६ मध्ये लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या विद्यार्थिनीवर बलात्कार होऊन तिचा खून झाला. तिच्या आईवडिलांच्या लढ्यातून १९९० मध्ये जो कायदा आला तो पुढे तिच्याच नावाने ओळखला गेला. त्यानुसार प्रत्येक संस्थेला दरवर्षी आवारातील गुन्ह्यांचे आकडे ठरावीक प्रकारांत प्रसिद्ध करावे लागतात. वसतिगृह वेगळे, लगतचा सार्वजनिक रस्ताही वेगळा. आकडे लपवल्यास दंड होतो: २०१६ मध्ये पेन स्टेट विद्यापीठाला सुमारे २४ लाख डॉलरचा झाला. प्रत्येक महाविद्यालयाने असा ताळेबंद लोकांपुढे मांडावा, असा सर्वसाधारण कायदा भारतात नाही.

पालघर-बोईसर पट्ट्यात तर हद्दीच विस्कटलेल्या आहेत. १ ऑगस्ट २०१४ पूर्वी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता आणि पोलीस ठाणे ग्रामीणचे. त्या आधीच्या नोंदी शोधणाऱ्याला आजच्या पालघरचे आकडे ठाण्याच्या आकड्यांत विरघळलेले दिसतात. विद्यार्थी राहतो बोईसरला औद्योगिक वसाहतीलगत, शिकतो पालघरला, आणि डहाणू-विरार लोकलमध्ये त्याला कोणी मारले तर प्रकरण लोहमार्ग पोलिसांचे. तीन नोंदवह्या आणि विद्यार्थी एकच.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने या हद्दींच्या भिंतीला एक खिडकी पाडली आहे. दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांत सही करावी लागते. नोंदीची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते. मुंबईच्या वसतिगृहात छळ झालेल्या मुलीचे वडील बोईसरच्या ठाण्यात जाऊ शकतात. मात्र समोरच्या अंमलदाराने ती हकिगत अदखलपात्र ठरवली तर १७३ लागत नाही. मग पुढचे कलम, १७४, आणि पुन्हा तीच एनसी.