तळटीप : उमरेडचा कोळसा आणि ताणलेले थर
* ‘उमरेडच्या खाणीतला थरांचा कार्बन’ हे लेखकाने जरा सैल हाताने लिहिले आहे. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या तिथल्या खुल्या खाणीतून निघतो तो गोंडवनी कोळसा, ग्रॅफाइट नव्हे. कोळशात कार्बनच्या षट्कोनी जाळ्यांचे लहान, वेडेवाकडे तुकडे असतात. रोझलिंड फ्रँकलिन यांनी तर 1951 मध्ये दाखवले, की काही कार्बन 3000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवूनही त्यांचा ग्रॅफाइट होत नाही.

पुढची चर्चा ग्रॅफाइटलाच लागू पडते. त्याच्या थरातल्या शेजारी अणूंमध्ये अंतर 0.142 नॅनोमीटर, दोन थरांमध्ये 0.335. थराच्या आत पकड घट्ट, थराथरांत दुबळी. म्हणून पत्त्यांच्या कॅटासारखे थर सरकतात आणि पेन्सिल कागदावर उमटते. गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी 2004 मध्ये चिकटपट्टीने सुटा थर, म्हणजे ग्राफीन, सोलला तो याच दुबळेपणामुळे. असा थर तुटण्याआधी सुमारे 25 टक्के ताणला जातो. सिलिकॉनचा ठोकळा त्याच्या कितीतरी आधी तडकतो. ग्रॅफाइटसारख्याच थरदार मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकेरी थर लवचिक पट्टीवर बसवून पट्टी वाकवली, की त्यातून निघणाऱ्या प्रकाशाचा रंग लाल बाजूला सरकतो. अर्थात थर पट्टीवरून घसरला तर ताण पोचतच नाही. दुबळी पकड इथे नडते.

प्लॅटिनमवर ग्राफीनला आलेल्या सूक्ष्म फुगवट्यांत 2010 मध्ये 300 टेस्लाहून जास्त ‘चुंबकीय क्षेत्र’ मोजले गेले. ते खरे क्षेत्र नव्हे. ताणामुळे इलेक्ट्रॉन असे क्षेत्र असल्यासारखे वागतात, एवढेच. — संपा.