ट्रकचा 'युरिया' आणि उत्प्रेरक : बिघाड शोधतात तो वरच्या थरात
आदिलाबाद : पैनगंगेचा पूल ओलांडून राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून धावणाऱ्या नव्या ट्रकांना डिझेलसोबत 'युरिया'ही लागतो. चालक ज्याला युरिया म्हणतात ते डीईएफ, म्हणजे ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी खनिजमुक्त पाणी. धुराच्या उष्णतेने त्याचा अमोनिया होतो. सायलेन्सरच्या अलीकडे मधाच्या पोळ्यासारखा उत्प्रेरक असतो. त्यावर हा अमोनिया घातक नायट्रोजन ऑक्साइडचे नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ लागू झाले आणि ही सोय जड वाहनांत सर्रास दिसू लागली.

उत्प्रेरकाचे सगळे काम पृष्ठभागावर चालते. तिथे गंधक, फॉस्फरस किंवा कॅल्शियम बसले, की वरून धडधाकट दिसणारा उत्प्रेरकही निकामी होतो. गॅरेजमध्ये हे डोळ्यांनी कळत नाही. प्रयोगशाळेत नमुन्यावर क्ष-किरण सोडून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजतात. त्यावरून वरच्या काही नॅनोमीटरमध्ये कोणते मूलद्रव्य कोणत्या अवस्थेत आहे ते समजते. या तंत्रासाठी काई सिगबान यांना १९८१ मध्ये नोबेल मिळाले.

शेतीचा युरिया स्वस्त, म्हणून तो पाण्यात कालवून टाकीत ओतायचा मोह होतो. पण २०१५ पासून त्यावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. कापसाला तो मानवतो, उत्प्रेरकाला नाही. साचलेले गंधक तापवून बरेचसे निघते. फॉस्फरस मात्र चिकटून राहतो. मग अख्खा उत्प्रेरकच बदलावा लागतो.