महामार्गाचा फोटो पुरावा कधी होतो?

अमेरिकेत जॉर्ज स्टुअर्ट यांनी 'यू. एस. ४०' या महामार्गालगतच्या प्रदेशाचे फोटो काढून १९५३ साली पुस्तक केलं. पुढे थॉमस आणि जेराल्डिन व्हेल यांनी त्याच जागा शोधून पुन्हा फोटो काढले; त्यांचं पुस्तक १९८३ चं. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की तीसेक वर्षांतला बदल दिसतो. स्टुअर्टनी जागांची वर्णनं लिहिली होती, म्हणून हे जमलं.

आता आपल्या जालना जिल्ह्याकडे या. जांब समर्थच्या रस्त्यावर शेत, टपरी, एसटीची वाट पाहणारी माणसं एकाच फोटोत मावतात. जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग मात्र कुंपणाआड आहे. २०२२ साली त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. तिथं गाडीतून काढलेल्या फोटोंत शेतकरी, मजूर जवळजवळ येतच नाहीत. पन्नास वर्षांनी कुणी हेच फोटो पाहिले, तर इथं माणसंच नव्हती असं वाटेल.

म्हणून कुंपणाबाहेर, महामार्गाखालच्या गावरस्त्यांवर जा. माणसांना विचारून फोटो काढा. तारीख, जागा आणि कॅमेऱ्याची दिशा त्याच दिवशी वहीत लिहा.